वहीत नसलेलं नाव

संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. वेबसाइटवर येणारा प्रत्येक माणूस चोर आहे असं धरून फॉर्मचा कोड लिहायचा, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. दुधानं तोंड भाजलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मी न भाजताच पाणीसुद्धा फुंकून पितो. पेपरात रोज तेच असतं: कुणाच्या पोराचा हुबेहूब आवाज काढला, कुणी खोटा पोलीस बनून व्हिडिओ कॉल केला. गल्लीच्या ग्रुपवर देवीचा फोटो आला तरी मी आधी बोटं मोजतो, यंत्रानं तर नाही ना काढला म्हणून. देवी अष्टभुजा, त्यामुळे वेळ लागतो.

वडील तुळजापुरातले पिढीजात पुजारी. नवरात्रात गावोगावचे यजमान आमच्याच घरी उतरतात, आणि गावाचं नाव निघालं की वडील वही काढतात. कोण कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, खाली सह्या, अंगठे. ती वही इंटरनेटवर कधी गेली नाही, कुणी हॅक केली नाही. साऱ्या जगात माझा विश्वास होता तो तेवढ्या एका वहीवर.

एका सकाळी वडील पूजेला गेले होते आणि त्यांचा फोन घरीच राहिला होता. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा झाकून, फोन कानाला लावून मी नुसता आवाज ऐकला.

"काका, मी ईट गावची. बाबांचं लई दुखणं हाय हो. तुमच्या गच्चीवरून कळस दिसतो म्हणत्यात. तेवढा दाखवता का?"

रडका आवाज, आजारी बाप, घाई. सगळ्या खुणा जुळत होत्या. तरी मी न्यायानं वागलो: तिच्या वडिलांचं नाव विचारलं, थांबायला सांगितलं आणि वही उघडली. ईटच्या पानावर तो माणूस होता, सहीसकट. त्याच्या नावाखाली मात्र कोरं. मूलबाळ काही नाही. मग ही कोण?

मी फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला. संध्याकाळी जेवताना वडिलांना ऐटीत सांगितलं, "आज तुमच्या फोनवर एका बाईचा डाव उधळला." त्यांना या फोनच्या भानगडीतलं काही कळत नाही. "बरं केलंस," म्हणाले आणि भात वाढून घेतला.

पंधरा दिवसांनी एक बाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली. बोलायला लागली आणि मी आवाज ओळखला. तिचे बाबा गेले होते. वडिलांनी वही आणली, तेच पान उघडलं. ते कोरं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "पण यांना तर मूल नाही."

"पोरी कुठं लिहित्यात वहीत?" वडील म्हणाले. "ही एकुलती एक."

तीस वर्षं मी ती वही बघत होतो. माझ्या सख्ख्या बहिणीचंही नाव आमच्या घरच्या पानावर नाही, हे मला तेव्हा सुचलं. लाज वाटली. मी सांगून टाकलं, "ताई, त्या दिवशी फोन मी कापला होता."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटलं, रेंज गेली," ती म्हणाली. "बाबा दोन दिवस विचारत व्हते, लागला का गं फोन? मी म्हणायची, लागंल, लागंल."

वडिलांनी पेन तिच्या हातात दिलं आणि बोटानं जागा दाखवली. तिनं बापाच्या नावाखाली सावकाश आपलं नाव लिहिलं. मग पिशवीतून बाबांचा फोटो काढला.

"आता तरी दाखवता का?" तिनं मलाच विचारलं.

मी गच्चीचं दार उघडलं. तिनं फोटो दोन्ही हातांनी उंच धरला, बाबांचं तोंड कळसाकडे करून.