ठरावाला माझं अनुमोदन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पत्रकात लिहिलं नाही, सभेत बोलले नाही — आणि सभेत मी किती बोलते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

विद्यापीठ असो की कॉलेज, कारभारात विद्यार्थ्यांना निम्म्या जागा हव्यात, त्याही निवडून आलेल्या. ही माझी मागणी. आमच्या कॉलेजच्या कारभार समितीत विद्यार्थ्यांची खुर्ची एकच, आणि तिच्यावर मी. ‘एका मताने काय होणार?’ हे मी इतक्या पत्रकांत छापलं, की माझाच त्यावर विश्वास बसला. बसवला — असं म्हणू का?

संध्याकाळची तुकडी बंद करायचा ठराव आला. ही तुकडी दिवसा काम करणाऱ्यांची. माझा मित्र रफीक तिथलाच — सकाळपासून मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर, संध्याकाळी वर्गात. मी विरोधाचं भाषण पाठ करून गेले होते. ठरावाला कुणीतरी अनुमोदन द्यायचं, ही तिथली रीत. प्राचार्य माझ्याकडे वळून हसले. “अनुमोदन आपल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी द्यावं. तेवढाच त्यांचा मान.”

मान! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — मी म्हटलं, “माझं अनुमोदन आहे.”

घाबरले होते? नाही हो. बरं वाटलं. त्यांच्यातली झाल्यासारखं वाटलं.

फाटकाबाहेर पोरं थांबली होती. त्यांना सांगितलं, मी विरोध केला, एकटी पडले. रफीक म्हणाला, “बाई, एवढ्या सायबांना भिडलीस! आपल्यात कुणाची टाप होती?” वर त्यानेच चहा पाजला. मी प्यायले.

पुढे प्राचार्यांनी पोरांना सांगितलंही — अहो, तुमच्याच प्रतिनिधींनी अनुमोदन दिलंय. पोरांनी हुर्यो उडवली. ‘खोटारडे’ म्हणून घोषणा मीच सुरू केली. त्या दिवशी खरं बोलणारे प्राचार्य एकटेच होते.

सकाळचे वर्ग रफीकला जमणारे नव्हतेच. शेवटच्या वर्षाला त्याने कॉलेज सोडलं.

आता कुणी म्हणेल, अशांच्या हातात कारभार द्यायचा? खुशाल म्हणा. मागणी मी सोडणार नाही. मी नालायक निघाले म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिच्याआड मी लपले, हेही तितकंच खरं. एका मताने काही होत नसतं, तर त्यांना माझं मत हवं कशाला होतं? रफीकचा वर्ग बंद करायला त्यांना एक विद्यार्थी लागत होता.

मी होते.