मास्तरांचं पांढरं

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. पण आसपासचे निम्मे फोटोग्राफर त्यांना मास्तर म्हणत, कारण फोटोतले रंग जागेवर कसे आणायचे हे त्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलं होतं. लोक लग्नांचे, वाढदिवसांचे, निरोपसमारंभांचे फोटो त्यांच्याकडे टाकून जात आणि मास्तर घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून ते निस्तरत. कुणाच्या गालावर हिरव्या पडद्याची झाक आलेली, कुणी दिव्याखाली पिवळाधमक झालेला. "आधी पांढरं शोधा," ते शिकायला येणाऱ्यांना सांगत. "शर्टाची कॉलर, दात, टेबलावरची बशी, काहीतरी पांढरं असतंच. ते एकदा पांढरं झालं की बाकीचे रंग मुकाट्याने आपापल्या जागी जाऊन बसतात." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू पांढरा रंग त्यांच्याच घरी जन्मला होता.

माणूस वाईट नव्हता. पण आपल्या डोळ्यांचा त्यांना भारी तोरा होता, आणि तोऱ्यापुढे ते घरच्यांनाही जुमानत नसत.

त्यांच्या शर्टांचंच घ्या. मास्तर कामाला बसताना पांढराच शर्ट घालत, कारण रंगीत शर्टाची झाक स्क्रीनवर पडते आणि डोळा फसतो. गेली दोन वर्षं मात्र शर्ट पांढरे निघत नाहीत म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. बायकोने साबण बदलला, पावडर बदलली, शेवटी वैतागून नीळ घालायला लागली. "अजून थोडी घाल," मास्तर म्हणाले. तिने अजून घातली.

"अहो, निळा झालाय आता शर्ट. लोक हसतील."

"आत्ता कुठे पांढरा दिसायला लागलाय," मास्तर कॉलर चाचपत म्हणाले.

तिने कपाळाला हात लावला आणि नाद सोडला. शेजारपाजारचे खरंच हसले. मास्तरांना वाटलं, जळतात मेले.

मास्तरांचं सगळं काम छापायला एकाच लॅबमध्ये जाई. लॅबवाला त्यांचा जुना शिष्य. त्याला सगळे सावकाश म्हणत, कारण त्याला काहीही विचारलं की तो "होईल सावकाश" एवढंच म्हणे. शिष्याचा पुढे दोस्त झाला होता, पण मास्तरांसमोर तो अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसे.

तर एके दिवशी एका लग्नाचा अल्बम छापून आला आणि त्यातली नवरी निळी. थोडीथोडकी नाही, रात्रभर थंडीत कुडकुडत बसवल्यासारखी निळी. नवरीच्या बापाने अल्बम मास्तरांच्या टेबलावर आपटला. मास्तरांनी तो उघडूनही पाहिला नाही, चूक लॅबचीच असणार. त्यांनी अल्बम काखोटीला मारला आणि तरातरा लॅब गाठली. काउंटरपुढे लोकांची रांग होती. मास्तरांना त्याचं काय?

"डोळे फुटलेत का रे तुझे?" ते दारातूनच ओरडले. "बोटाला धरून रंग शिकवला तुला! आणि तू माझ्या नवरीचं मढं करून पाठवतोस? दिसत नसेल तर लॅबला टाळं लाव आणि घरी बस!"

रांगेतले लोक मागे वळून बघू लागले. एक बाई आपल्या मुलाला घेऊन दोन पावलं मागे सरकली. सावकाशने अल्बम उघडून पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"चूक झाली मास्तर. परत छापून देतो."

परत छापलेला अल्बम एकदम चोख निघाला. म्हणजे चूक कुणाची, हे मास्तरांच्या हिशेबी उघडच झालं. अल्बम हातात देताना सावकाश एवढंच म्हणाला, "एक सुचवू का? तुमचा कॉम्प्युटर आता म्हातारा झालाय. नवा घ्या, आणि स्क्रीन नीट पारखून घ्या. मुलीला बरोबर न्या हवं तर."

"मुलीला कशाला?" मास्तर म्हणाले. पण कॉम्प्युटर खरंच धापा टाकत होता. मोठा अल्बम उघडला की तो जे डोळे मिटायचा, ते मास्तर बाहेर जाऊन चहा पिऊन आले तरी उघडायचा नाही. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी बापलेक दुकानात गेले. मुलगी कवळ्या आणि दात बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. नवा दात रंगाने शेजारच्या दाताशी जुळवायचा, हे तिचं काम. मास्तर त्याला "दात विकणं" म्हणत.

दुकानात सुरुवातीला मास्तरांनी बहार उडवली. दुकानदाराने आधी रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारा काचेचा डबा दाखवला. "हा कॉम्प्युटर आहे का सर्कशीचा तंबू?" मास्तर म्हणाले. "मला खेळ खेळायचे नाहीत. दिवे काढा, त्याऐवजी रॅम वाढवा. फोटो साठवायला दोन ड्राइव्ह द्या, एक बिघडला तर दुसरा हवा. आणि पंखा आवाज न करणारा द्या, मला विचार करायचा असतो." शेजारी उभं असलेलं एक जोडपं ऐकायला थांबलं. दुकानदार मान डोलावत राहिला. मुलीलाही बापाचं कौतुक वाटलं.

मग स्क्रीनची पाळी आली. मास्तरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात बायकोचा एक फोटो होता, पांढऱ्या पडद्यापुढे खिडकीत उभी असलेली. पारखायला ते नेहमी तोच वापरत. दुकानदाराने तो एकापाठोपाठ एक सगळ्या स्क्रीनवर लावून दाखवला.

"पिवळा," मास्तर म्हणाले. "हाही पिवळा. हा तर हळदीत बुडवलाय."

दुकानदाराने रंग मोजायचं एक छोटं यंत्र आणून स्क्रीनवर टेकवलं. "हे बघा, एकदम बरोबर दाखवतंय."

"बाजूला ठेवा ते खेळणं," मास्तर म्हणाले. "ह्या डोळ्यांनी तीस वर्षं रंग बघितलाय. तुमचं यंत्र काल कारखान्यातून आलं. निळा वाढवा."

दुकानदाराने वाढवला. "अजून." त्याने अजून वाढवला. मास्तरांनी आपल्या शर्टाची बाही स्क्रीनला लावली, बाही आणि पडदा शेजारी शेजारी धरले, आणि मान हलवली. "अजून थोडा. हां! आता झालं पांढरं. बघा, माझ्या बाहीला तंतोतंत जुळलं. यंत्राला हे जमलं असतं?"

दुकानदार बाहीकडे बघत राहिला. जोडप्यातल्या बाईने नवऱ्याला कोपरखळी मारली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "आई निळी दिसतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू दात विक जा!"

हे त्यांनी मोठ्याने म्हटलं. मुलीचा चेहरा उतरला. ती वळून माऊसच्या फळीवरचे माऊस बघायला लागली.

दुकानातल्या गार वाऱ्याने मास्तरांच्या उजव्या डोळ्याला पाणी आलं होतं. त्यांनी तळहाताने तो डोळा दाबला आणि डाव्याने स्क्रीनकडे पाहिलं. बायको निळी होती. पडदा निळा होता. त्यांना वाटलं, दुकानदाराने काही बटण दाबलं. पण दुकानदाराचे हात खिशात होते. मास्तरांनी बाहीकडे पाहिलं. बाहीही निळी होती, गिरणीतल्या कामगाराच्या कपड्यांसारखी. त्यांनी हात बदलला, डावा डोळा झाकला. सगळं परत पांढरं. पुन्हा बदलला. निळं. डोळा चोळल्याचं निमित्त करून त्यांनी ते परत परत केलं. त्यांचा भरवशाचा, कामाचा, तीस वर्षांचा उजवा डोळा त्यांना पिवळं पाजत होता, आणि डावा इतके दिवस त्याच्या मागे मुकाट्याने फरफटत चालला होता.

"मग हीच देऊ?" दुकानदाराने विचारलं. "असाच रंग ठेवून?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. "थांबा, माझंच काहीतरी चुकतंय," एवढंच म्हणायचं होतं. पण ते जोडपं अजून उभं होतं, आणि यंत्र अजून टेबलावर पडलं होतं.

"हीच द्या. असाच ठेवा," ते म्हणाले.

घरी येताना भाड्याच्या गाडीत खोके मास्तरांच्या मांडीवर होते. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती.

"स्क्रीन निळी होती का ग?" बऱ्याच वेळाने मास्तरांनी विचारलं.

"हो."

"आणि शर्ट?"

तिने वळून त्यांच्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई सांगत होती की तुम्हाला." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "मोतीबिंदू असेल बाबा. त्यात डोळ्याला सगळं पिवळं दिसतं. साधी गोष्ट आहे, काढून टाकतात."

काढून टाकतात. मोतीबिंदू काढतील, ते ठीकच. पण लॅबच्या दारात उभं राहून जे ओरडलो होतो ते कोण काढणार? मास्तरांना ते शब्द जसेच्या तसे ऐकू आले, आणि मानेपर्यंत शरम चढली. आणि तिच्या मागोमाग एक नवीनच शंका आली. डोळा दोन वर्षं पिवळं बघतोय, म्हणजे आपण दोन वर्षं प्रत्येक फोटोत निळं ओतत आलो. मग फक्त एकच नवरी निळी कशी? बाकीचे सगळे अल्बम चोख कसे निघाले?

खोके घरी टाकून, शर्टही न बदलता, मास्तर लॅबकडे गेले. काउंटरपुढे रांग होतीच. सावकाश आत मशीनजवळ होता. त्यांना बघून तो उठून उभा राहिला.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले. "तो अल्बम छापला तेव्हा तू इथे होतास?"

सावकाशने मान खाली घातली. "नव्हतो. बायकोचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात. मेहुणा मशीनवर होता. त्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."

"काय सांगायचं?"

सावकाशने उगाचच एक प्रिंट उचलून परत ठेवली. "हेच, की मास्तरांचं काम आलं की आधी त्यातलं निळं काढायचं आणि मग छापायचं."

"किती दिवस काढतोयस?"

"झाली असतील दोन वर्षं."

"प्रत्येक फोटोतलं?"

"सवय झाली आता. फार वेळ नाही लागत."

मास्तरांना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. "मला का नाही सांगितलंस गाढवा?"

"सांगणार होतो एकदा. पण तुम्ही म्हणालात की ह्या डोळ्यांवर घर चालतं. मग म्हटलं, चालू दे." तो कसनुसं हसला. "त्या दिवशी मात्र तुमच्या गिऱ्हाइकापुढे तुमची मान खाली गेली. माझंच चुकलं मास्तर. मेहुण्याला बजावून जायला हवं होतं."

बायको दवाखान्यात, भर रांगेत शिव्या खाल्लेल्या, आणि हाच माणूस वर माफी मागत होता. मास्तरांना तिथे उभं राहवेना. ते वळले, काउंटरपाशी आले, आणि रांगेकडे तोंड करून मोठ्याने बोलले. आवाज चिरकला, तरी बोलले.

"ऐका हो सगळे! याचे डोळे नाही फुटले. माझे फुटलेत. मी त्या दिवशी इथे जे बोललो ते सगळं खोटं होतं. हा माणूस दोन वर्षं माझी घाण मुकाट्याने धुतोय!"

रांगेतल्या लोकांनी वर पाहिलं. एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारलं, "कोण आहेत हे? काय झालं?" शेजाऱ्याने खांदे उडवले. एक कॉलेजातली मुलगी त्यांच्या निळ्या शर्टाकडे बघून ओठ दाबून हसली, आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरली. कुणालाच काही कळलं नव्हतं.

सावकाशने मागून येऊन त्यांच्या दंडाला हात लावला. "बसा मास्तर. त्या दिवशीचे लोक वेगळे होते. ते आपापले फोटो घेऊन गेले."

पण मास्तर बसले नाहीत. उजवा डोळा तळहाताने झाकून, डाव्या डोळ्याने ते रांगेतला एकेक चेहरा निरखत राहिले, त्या दिवशीचं कुणीतरी एखादं सापडतंय का म्हणून.