गाडी उपाशी हाय

पाची बोटं जुळवून तिने तोंडाकडे नेली, की गाडी उपाशी. तळहात वर केला, की पोट भरलं. रोह्याहून वरसे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या घरासमोरच तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं आणि ती गॅरेजला लागूनच असलेल्या त्यांच्या घराच्या दारात पाटावर बसून सुपातले वाल निवडायची.

त्या काळी तुम्ही मोटरसायकल चालवली असेल, तर पोरांचं ते वेड आठवत असेल. मोठा एअर फिल्टर बसवायचा, सायलेन्सर मोकळा करायचा. मग हवा वाढते आणि त्या मानाने कार्बोरेटरमधून पेट्रोलही वाढवावं लागतं. किती, ते इंजिनाच्या आवाजावरून ठरायचं. नवऱ्याला तर ऐकूच येत नव्हतं. उघड्या सायलेन्सरांनी त्याचे कान केव्हाच खाल्ले होते. तो स्क्रू फिरवायचा आणि दाराकडे बघायचा. ती आपल्याशीच पुटपुटायची, "नुसता वारा खाऊन पोट भरतंय व्हय?" आणि बोटं तोंडाकडे न्यायची.

पेण-नागोठण्यापासून गाड्या यायच्या. नाव मात्र त्याचं. कुणी वाखाणलं, की ते त्याला ओठांवरून बरोबर समजायचं. मग कानाला बोट लावून म्हणायचा, "देवाची देणगी हाय." लाज म्हणून वाटत नव्हती.

एकदा कंपनीत कामाला असलेला एक जण सरळ तिलाच म्हणाला, "वहिनी, खरं ट्यूनिंग तुमचंच." ती हसली, पदर सावरला. तिला तेवढंच ऐकायचं होतं, पण नवऱ्याच्या तोंडून. त्याने ओठ वाचले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बायांना काय कळतंय इंजिनातलं? आत जा." ती सूप उचलून आत गेली. ती गाडी त्याने एकट्याने ट्यून करून दिली. सुकेळी खिंडीत इंजिन तापून जाम झालं आणि टेम्पोत घालून परत आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ना माफी, ना शब्द. त्याने तिचा पाट आणून दारात ठेवला. आणि ती येऊन बसली. मला अजून राग येतो, त्याचा आणि तिचाही. का बसलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "गाडीचा काय गुन्हा? ती कशाला उपाशी ऱ्हावी?"

पुढे एका पावसाळ्यात ती काविळीने गेली. दिवसांना आलेले लोक त्याला धीर देत होते, हातात कला आहे, निभेल सगळं. तो मान डोलवत होता. तेव्हा तरी एकदा खरं बोलायचं. नाही बोलला.

नंतर गाड्या काळा धूर ओकत परत येऊ लागल्या. हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतं, असं तो सांगायचा. गिऱ्हाईक तुटत गेलं.

मीही फिल्टर बदलला होता, म्हणून गाडी त्याच्याकडे नेली. त्याने स्क्रू फिरवला आणि दाराकडे पाहिलं. पाट तिथेच होता. सायलेन्सरमधून फटफट आवाज येत होता, एवढं तर मलाही कळत होतं.

"उपाशी हाय अजून," मी म्हटलं.

त्याची नजर माझ्याकडे नव्हती. गाडी तशीच चालू होती आणि स्क्रूवर हात ठेवून तो दाराकडे बघत राहिला.