कोऱ्या बटणांचा कीबोर्ड

लाईनमनकाकांनी टेलिफोन खात्यात असताना खांबांवर चढून गावभरच्या लोकांची बोलणी जोडून दिली, आणि घरी आल्यावर स्वतः फारसं कुणाशी बोलले नाहीत. निवृत्तीनंतर चढायला खांब उरले नाहीत, तेव्हा ते घरातल्या वस्तूंकडे वळले. त्यांनी दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू चालते. फक्त पूर्वीसारखी चालत नाही. पंखा मंद करायचा तर त्यांच्याकडे खिडकीजवळच्या दिव्याचं बटण दाबावं लागतं. पाहुण्यांना हे काकू समजावून सांगतात, अजिबात न हसता.

काकूंचं टायपिंगचं दुकान बाहेरच्या खोलीत. काम मुख्यतः वकिलांचं. नजर हस्तलिखितावर, बोटं कीबोर्डवर, आणि स्क्रीनकडे बघायचं ते पान संपल्यावर, ही टाइपरायटरच्या काळातली शिस्त. कीबोर्डही जवळजवळ त्याच काळातला, विटेसारखा जड. बटणांवरची अक्षरं झिजून कधीच गेलेली. एका सकाळी त्यातली काही बटणं बंद पडली आणि दुपारपर्यंत उरलेलीही त्यांच्यामागे गेली.

मुलाने लगोलग नवा कीबोर्ड आणून दिला. पातळ, हलका, मुका. बोट नुसतं टेकलं तरी त्यावर अक्षर उमटे, आणि काकूंना बोटं टेकवून विचार करायची सवय. पहिल्याच प्रतिज्ञापत्रात एका गृहस्थाचं आडनाव दीड ओळ लांबलं. काकूंची पान तपासायची नजरही आता पूर्वीची राहिली नव्हती. वकिलांच्या कारकुनाने कागद परत आणला.

"साहेब म्हणाले, अशिलाला स्वतःची ओळख पटेना."

"पुन्हा करून देते."

"द्या. पण सोमवारच्या कामात असं झालं, तर पुढचं सगळं चौकातल्या दुकानात देणार म्हणाले. मी नाही हं, साहेब म्हणाले."

कारकून गेल्यावर काकूंनी तो मुका कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "अहो, तो जुना उघडून बघता का?"

लग्नानंतर काकूंनी आपण होऊन त्यांच्या हाती एखादी वस्तू देण्याची ही पहिलीच वेळ. काकांनी दाढी केली आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेतला.

दोष लगेच सापडला. प्रत्येक बटणाखाली स्पंजची एक चकती, तिच्या तळाला चंदेरी कागद. स्पंजचा भुगा झाला होता. काकांनी लोखंडी नळीच्या तुकड्याला धार लावली आणि नव्या कीबोर्डच्या खोक्यातल्या स्पंजमधून चकत्या पाडल्या. चंदेरी कागद बिस्किटांच्या पुड्यांचा घेतला. त्यासाठी बिस्किटं संपवावी लागली. ती जबाबदारीही त्यांनी पार पाडली.

रविवारी कीबोर्ड जोडला. बटण दाबलं की अक्षर. सगळी चालू. काकूंनी बोटं ठेवली आणि उचलली.

"हा माझा नाही."

"अगं, तुझाच आहे. धुतलाय फक्त."

"बटणं काढून धुतलीत?"

"बादलीत. निरमा घालून."

"आणि लावताना?"

"लावताना काय? सगळी कोरी. कुठलंही कुठेही लाव, काय फरक पडतो?"

काकूंनी एका बटणावर बोट टेकवलं. "माझ्या बोटांनी खड्डे पडलेत त्यांच्यात. प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही मला दुसऱ्याच्या चपला घालायला देताय."

"मग सांग, कुठलं कुठे होतं?"

"मला काय माहीत? बोटांना माहीत."

झालं. बटणं पुन्हा काढली. काकू डोळे मिटून बसल्या आणि एकेक बटण धान्यातला खडा चाचपावा तसं चाचपू लागल्या. मध्येच रिकाम्या टेबलावर "अर्जदार यांचे म्हणणे असे की" असं टाइप करायच्या, थांबायच्या, आणि हातातलं बटण पुढे करायच्या. "हे डाव्या करंगळीचं. नखाची रेघ बघा." काका निमूटपणे ते बसवत. एक बटण मात्र अगदी नव्यासारखं निघालं, अक्षरांसकट. त्यावर 'हेल्प' असं लिहिलं होतं.

"हे कधी दाबलं नाहीस?"

"गरज पडली नाही. लावा कोपऱ्यात."

एका बटणावर वाद झाला. काका म्हणाले खालच्या रांगेतलं, काकू म्हणाल्या मधल्या. काकांनी काकूंच्या मनासारखं बसवलं. काकूंनी एकदाच दाबलं, मान हलवली, आणि स्वतः उचकटून वरच्या रांगेत बसवलं. दोघेही चुकले होते, असं कुणी म्हणालं नाही.

सोमवारी कारकून आला, तेव्हा बाहेरच्या खोलीत लोखंडी पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज चालला होता. काका काकूंच्या पाठीमागे उभे होते.

"अहो, मानेवर श्वास सोडू नका. बाहेर जा."

काका पायरीवर जाऊन बसले. पान छापून निघाल्यावर कारकुनाने ते हातात घेतलं. नावांखाली बोट फिरवलं, मग तारखांखाली, मग पुन्हा नावांखाली. त्याचं बोट कुठेच थांबलं नाही. त्याने पान फाइलीत ठेवलं, पिशवी उघडली आणि चौकातल्या दुकानात द्यायला म्हणून वेगळं बांधलेलं बाड काढून टेबलावर ठेवलं.

"हेही करून टाका. पण काकू, हा आवाज असाच येत राहणार?"

"येणार," काकू पहिलं पान स्टँडला लावत म्हणाल्या. "थांबला, तर काम कुठे गेलं ते तुम्हीच येऊन सांगा."