अर्जदार क्रमांक एक

कचेरीत गेल्यावर गयाबाई आधी बसायच्या. साहेबांसमोरची खुर्ची रिकामी असली तर खुर्चीत, नसली तर सरळ फरशीवर. शिपाई म्हणायचा, “मावशी, उभ्यानं सांगा की.” त्या म्हणायच्या, “उभ्यानं सांगितलं की तुमी उभ्यानंच घालवता. अर्ज द्यायला आले, भाकर मागायला न्हाई.”

आमची वस्ती धारूरकडच्या डोंगरात, चढावर. दिवाळीनंतर धडधाकट माणसं ऊसतोडीला जात. मागे म्हातारी माणसं, लेकरं आणि मी, शाळामास्तर, एवढे उरत असू. गयाबाईंचा लेक तोडीच्या टोळीत जाई; त्यांचा खुबा मोडलेला, म्हणून त्या मागे. दुष्काळात सरकारी टँकर वस्तीच्या आडात रिकामा व्हावा असा हुकूम होता. तो खाली, सोसायटीच्या चेअरमनच्या विहिरीत रिकामा होई. चेअरमनचं म्हणणं, टँकरला चढ झेपत नाही. निवडणुकीत त्याच चढावरून त्यांच्या गाड्या फुलांच्या कमानीसकट वर आल्या होत्या.

गयाबाई सांगत आणि मी लिही. ‘विनम्र विनंती’ हे शब्द त्या खोडायला लावत. “कावून विनंती? पाणी सरकारचं, सरकार आपलं. नुसतं ‘कळवतो’ लिवा.” घटनेवरची भाषणं मी बरीच ऐकली आहेत, बहुतेक याहून लांब होती.

वस्तीतल्या बायकांचे अंगठे त्या गोलाकार घ्यायला लावत, बांगडीसारखे. पहिला कुणाचा हे चेअरमनला कळू नये म्हणून. कारकुनाने ती बांगडी उलटसुलट फिरवून पाहिली. “अर्जदार क्रमांक एक कोण? त्याशिवाय घेता येत नाही.” बायका अंगठ्याची शाई पदराला पुसू लागल्या. गयाबाई म्हणाल्या, “घाला माझं.”

अर्ज वर गेला आणि ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेत एकेक पायरी उतरत ग्रामपंचायतीत आला. ग्रामपंचायत चेअरमनच्याच घरात होती. त्यांनी गयाबाईंना चहाला बोलावलं. मी सोबत होतो.

“काकू, लेक बरा हाय ना तिकडं? मुकादम आपलाच भाचा हाय.”

गयाबाईंनी बशी खाली ठेवली. “अर्ज मागं घ्या म्हणता?”

“म्या कुठं म्हणलं? तुमी शान्या हाव.”

‘तक्रार नाही’ या कागदावर गयाबाईंनी अंगठा दिला. परतताना चढावर दगडावर टेकल्या. “दावं लई लांब हाय ह्यांचं, गुरुजी. चरतोय तवर कळतच न्हाई.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. नवा अर्ज तयार होता, पण पहिलं नाव द्यायला कुणी धजेना. प्रत्येकीचं कुणी ना कुणी त्याच मुकादमाच्या टोळीत होतं. गयाबाईंचा लेक मात्र टोळी सोडून परळीला वीटभट्टीवर लागला होता.

“माझंच घाला पयलं,” त्या म्हणाल्या. “लेक सुटला, मी बी सुटायलेच. मला आता चहाला कोण बोलवतंय? पोच तेवढी आणा, गुरुजी. बघून जाते.”

पोच आणली. शिक्का पुसट उमटलाय, हे त्यांनी अंथरुणावरून दाखवून दिलं. मग थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

आता त्या अर्जाची सुनावणी चालू आहे. ‘मयत’ असा रकाना नाही, म्हणून कारकून पुकारतो, अर्जदार क्रमांक एक गैरहजर, पुढची तारीख. तारीख जवळ आली की टँकर वस्तीवर चढतो. उलटली की त्याला पुन्हा चढ झेपत नाही. बाकीच्या बायकांनी एकेक करून चहा पिऊन ‘तक्रार नाही’ असं लिहून दिलंय. तरी तारखेला त्या जातात आणि फरशीवर बसतात. अर्जदार म्हणून नव्हे, गयाबाईंकडच्या म्हणून.

चेअरमनलाही दर तारखेला यावं लागतं. परवा ते कचेरीच्या पायरीवर माझ्याशेजारी टेकले.

“गुरुजी, बाकीच्यांचं मिटवलं. ह्या म्हातारीचा अंगठा मागं कसा घ्यायचा?”

नियमात तशी सोय नाही, असं मी सांगितलं. आतून पुकारा झाला, तसे ते पुढची तारीख घ्यायला उठले.