बिनतारी जोडणीवाला

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघायचो. ऑफिस रस्त्याच्या अलीकडे, गोदाम पलीकडे. मालाच्या चिठ्ठ्या घेऊन एक मावशी दिवसभर ट्रक चुकवत ये-जा करायच्या. रस्ता खोदून केबल टाकायला परवानगी मिळेना, म्हणून मालकांनी पुण्याहून एका माणसाला बोलावलं.

त्याने दोन्हीकडच्या कॉम्प्युटरमध्ये बिनतारी कार्डं बसवली आणि समोरासमोरच्या गच्च्यांवर अँटेना उभ्या केल्या. अंगाने काटकुळा, हातात सतत किल्ल्यांचा जुडगा खुळखुळता. चहासुद्धा जिना चढताचढता प्यायचा.

"बसा की जरा," मी म्हणालो.

"बसलं की वाटतं, कुठंतरी काहीतरी तुटलंय," म्हणत तो पुन्हा गच्चीवर पळाला.

संध्याकाळी गोदामात टाईप केलेला आकडा आमच्या स्क्रीनवर उमटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या असलेल्या मावशींनी त्याला विचारलं, "मंग आता म्या काय करू, सायेब?"

किल्ल्यांचा आवाज थांबला. तो तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरला. त्याचा चढलेला आवाज बाहेरपर्यंत आला. परतला तो मान खाली घालून.

"बघू म्हणाले," एवढंच तो मावशींना म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात मावशींना कामावरून कमी केलं. नंतर एकदा त्याचा फोन आला. मला वाटलं, अँटेनाची चौकशी करेल. पण त्याने विचारलं, "मावशी आहेत का कामावर?"

मी खरं ते सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. जोडणी उत्तम चालली आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.