वाकलेली बाई दिसते ती जागा

कामिनासेच्या खिंडीत तोमिए-सानचं चहाचं दुकान आहे असं सगळे म्हणत, पण दुकान म्हणावं असं तिथे काही नव्हतं. पत्र्याचं छप्पर, एक लांब बाक, लोखंडी शेगडी आणि तिच्यावर दिवसभर गुरगुरणारी किटली. मागे दोन खोल्यांचं घर. चहा सगळ्यांना फुकट, सोबत मुळ्याचं लोणचं. कोणी फारच दमलेलं दिसलं तर आंबवलेल्या सोयाबीनचा खारट मिसो लावून भाजलेला भाताचा गोळा. तोमिए-सानचा खरा उद्योग होता वाट सांगण्याचा, आणि त्यात तिचा हात धरणारं अख्ख्या खोऱ्यात कोणी नव्हतं.

आमचं खोरं पर्यटनाच्या नकाशावर नाही. म्हणजे आहे, पण नुसता हिरवा डाग म्हणून. गरम पाण्याचे झरे शेजारच्या खोऱ्यात, किल्ला त्याच्याही पलीकडे, आणि आगगाडी तर आमच्या बाजूला आली की बोगद्यात शिरते ती थेट पुढच्या जिल्ह्यातच बाहेर पडते. त्यामुळे इकडे माणूस येतो तो बहुतेक वाट चुकूनच. अशा चुकलेल्या माणसाला तोमिए-सान आधी बाकावर बसवायची, हातात चहा द्यायची आणि त्याचा चेहरा न्याहाळत राहायची. कोणाला कुठे धाडायचं ते ती चेहऱ्यावरून ठरवी.

नवरा-बायको गाडीत भांडत आलेले असले की त्यांना ती धबधब्याकडे पिटाळी. त्या धबधब्याच्या पाठीमागून चालत जाता येतं, आणि तिथे पाण्याचा असा काही दणका असतो की एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नाही. दोघं परत येत ती चिंब भिजून आणि गप्प होऊन, कधी कधी हसतसुद्धा. 'इथली सगळ्यात भारी जागा कोणती' असं आल्या आल्या विचारणाऱ्या फोटोवाल्यांना ती जवळची भातखाचरं दाखवून मोकळी होई. पण जो काहीच विचारत नसे, नुसता किटलीच्या वाफेकडे बघत बसे, त्याला ती बीच नावाच्या झाडांच्या रानातल्या तळ्याची वाट सांगे. ते तळं फक्त वसंतात असतं. बर्फ वितळून खळग्यात पाणी साचतं, झाडं गुडघाभर पाण्यात उभी राहतात, वर कोवळी पालवी आणि खाली पाण्यात तीच पालवी. भाताच्या लावण्या आटोपेपर्यंत पाणी जमिनीत मुरून जातं, आणि मग इथे तळं होतं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

तिचं वाट सांगणंही ऐकण्यासारखं होतं. "पाण्याचा आवाज उजव्या कानाला आहे तोवर चालत राहा. दोन्ही कानांना यायला लागला की थांबा, पुढे दरी आहे." एवढं सांगून ती पाहुण्याच्या पिशवीला, अस्वलं आवाजाने दूर राहावीत म्हणून, घंटा बांधून द्यायची. घंटा परत करायला तरी माणूस पुन्हा येईल, आणि आला की काय पाहिलं ते सांगेल, हा तिचा डाव.

या सगळ्यांहून मोठी जागा मात्र खिंडीतच होती. समोरच्या तोगादाके डोंगरावरचं बर्फ मे महिन्यात वितळायला लागलं की काळ्या खडकावर एक पांढरी बाई उमटते. डोक्यावर रुंद टोपी, पाठ वाकलेली, एक हात खाली गेलेला. भाताची रोपं लावणारी बाई. जुन्या लोकांची सगळी शेती तिच्या भरवशावर चाले. टोपी दिसली की बी भिजत घालायचं, हात खालच्या घळीला टेकला की लावणीला उतरायचं, आणि तिची कंबर वितळून तुटली तरी ज्याची लावणी व्हायची आहे त्याला वर्षभर हसायचं. खाली वस्तीतून तिची नुसती टोपी दिसते, बाकीची टेकडीआड जाते. अख्खी बाई दिसते ती खिंडीतून. तोमिए-सान लग्न होऊन आली तेव्हा दर वसंतात वस्तीतली माणसं वर चढून येत, ओळीने बसत आणि हात टेकला की नाही यावर तावातावाने वाद घालत. म्हणून तर इथे बाक आला, आणि बाकापाठोपाठ किटली.

पण आता बाकावर बसलं की समोर देवदार दिसत आणि त्यांच्यापलीकडे काहीच नाही.

तो उतार सेइकिचीचा. सेइकिची खालच्या वळणावर राही, तोमिएच्या नवऱ्याचा, याइचीचा, लहानपणापासूनचा दोस्त. मुलगा झाला त्या वर्षी सेइकिचीने उतारावर देवदाराची रोपं लावली. पोराला पुढे घर बांधायला लाकूड होईल म्हणून अशी झाडं लावायची आमच्याकडे रीतच आहे. अर्धी रोपं याइचीने लावून दिली, आणि संध्याकाळी दोघं याच बाकावर तांदळाची साके पीत बसले. रोपं तेव्हा गुडघ्याएवढी होती, कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. पुढे मुलगा नागोयाला गेला, तिथेच फ्लॅट घेतला. याइची वारला. आणि झाडांनी आधी त्या बाईचे पाय झाकले, मग हात, मग कंबर, शेवटी टोपीसुद्धा.

तेव्हापासून तोमिए-सान पाहुण्यांना चढावरच्या दगडी देवापर्यंत पाठवू लागली. तिथून अजून सगळं दिसतं. सुरुवातीला ती स्वतःही जात असे, पण पुढे गुडघ्यांनी हात टेकले. लोकांना ती जे आवर्जून बघायला लावत होती ते तिच्याच नजरेला कित्येक वर्षं पडलं नव्हतं. खाली आलेल्या माणसाला ती चहा ओतता ओतता विचारी, हात टेकलाय का. कोणी फोनमधला फोटो पुढे करी. ती "छान आलाय" म्हणे आणि पुन्हा विचारी, "पण टेकलाय का?"

सेइकिचीला तिने एका शब्दाने सांगितलं नाही. सांगणार कसं? काही मागायचं म्हणजे समोरच्याला पेचात टाकायचं. तो नाही म्हणू शकणार नाही, आणि मनातून दुखावेल. आमच्या खोऱ्यात दुसऱ्याने न सांगता ओळखावं असा शिरस्ता आहे, आणि नाही ओळखलं तर आपण गप्प बसावं हाही त्यातच आला. असल्या शिरस्त्यापायी आमच्याकडे किती माणसं कुढत बसली असतील कोण जाणे. तोमिए-सान तर गप्प बसण्यावरही थांबली नाही. मुलगा दूर गेलेल्या माणसाचं मन राखावं म्हणून सेइकिची चहाला आला की ती झाडांचं कौतुक करी. काय सरळ वाढलीत म्हणे, सावली किती छान पडते म्हणे. सेइकिची झाडांकडे बघे, "हं" करी आणि चहा संपवून उठे.

त्या वर्षी नव्या वर्षाच्या सुट्टीत तिची मुलगी कानाए सैतामाहून आली. हिवाळ्यात छपरावर पुरुषभर बर्फ साचतं, ते वेळेवर खाली ओढलं नाही तर घर बसतं, आणि आईला आता ते झेपत नाही, हे कानाएला दिसत होतं. पुढच्या हिवाळ्याआधी आईला शहरात न्यायचं तिने ठरवूनच टाकलं. एक खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. तोमिए-सानने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं बाई, किती काळजी करतेस माझी. कानाए निश्चिंत होऊन परत गेली. तोमिए-सानला काडीचंही जायचं नव्हतं. पण एकदा बरं म्हटलं म्हणजे झालं. जाण्याआधी एकदाच, आपल्या बाकावर बसून, ती बाई डोळे भरून बघायला मिळावी, एवढी एकच हौस तिने मनाशी ठेवली होती. आणि येणारा वसंत तिचा इथला शेवटचा होता.

मे उजाडला. एका दुपारी ओसाकाची एक धट्टीकट्टी, बोलघेवडी बाई दगडी देवापर्यंत जाऊन धापा टाकत परत आली. सेइकिची बाकाच्या टोकाला चहा पीत बसला होता. बाईने पिशवीची घंटा सोडून दिली, घाम पुसला आणि समोर बोट केलं.

"आजी, एवढी चढण कशाला चढायला लावता हो लोकांना? ही झाडं पाडली तर इथे बसल्या बसल्या दिसेल की सगळं."

तोमिए-सानने आधी सेइकिचीकडे पाहिलं. ती घाईघाईने बोलत सुटली, की छे छे, ही झाडं म्हणजे तर खिंडीची शोभा, ती नसली तर आपल्याला घडीभर करमायचं नाही. बोलता बोलता तिचा स्वर चढत गेला. सेइकिचीने अर्धा प्यायलेला कप खाली ठेवला आणि निघून गेला. त्याने कपात चहा शिल्लक ठेवलेला कोणी कधी पाहिला नव्हता.

"त्यांचीच होती वाटतं," ओसाकाची बाई म्हणाली आणि आणखी एक भाताचा गोळा उचलला. "पण मी खोटं काय बोलले?"

तोमिए-सानला त्या रात्री झोप लागली नाही. जाता जाता शेजाऱ्याचं मन दुखावून जायची वेळ आली म्हणून ती स्वतःवरच चडफडत राहिली. सकाळी तिने खारवलेल्या कोवळ्या नेच्यांचा डबा भरला आणि दुखऱ्या गुडघ्याने, काठी टेकत, खालच्या वळणापर्यंत उतरली. सेइकिची पडवीत यांत्रिक करवतीच्या साखळीला धार लावत होता. कालच्या बोलण्याला वैतागून हा झाडं पाडायला निघालाय असं वाटून ती विनवू लागली, त्या परक्या बाईचं काय मनावर घेता, इतकी देखणी झाडं आहेत.

"वहिनी, बसा आधी," सेइकिची म्हणाला. त्याने एक बादली पालथी घालून पुढे सरकवली. "देखणी म्हणताय ती झाडं? त्यांच्या परागांनी दर वसंतात माझे डोळे गळतात. पोरगा केव्हाच म्हणाला, बाबा, मला नको लाकडाचं घर, पाडून टाका. लाकूडवाला तर ती नेतो म्हणतो तेच उपकार केल्यासारखं."

"मग पाडली का नाहीत?"

"तुमच्यामुळे." त्याने कानस खाली ठेवली. "अर्धी याइचीच्या हातची. आणि तुम्ही दर खेपेला म्हणणार, काय सरळ, काय सावली. मला वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून बघत बसत असाल. त्यावर मी करवत कशी चालवू?"

तोमिए-सान बादलीवर बसून राहिली. तिला हसू आलं नाही, आधी राग आला, त्याचा, स्वतःचा, त्या सगळ्या गोड बोलत प्यायलेल्या चहांचा.

"काल तुमचा आवाज ऐकला," सेइकिची म्हणाला. "करमणारच नाही असं कोणी इतकं ओरडून सांगतं का? रात्रभर विचार करत होतो. म्हणून आता विचारतोय. पाडू की ठेवू? मला बरं वाटावं म्हणून नाही सांगायचं. तुमचं स्वतःचं सांगा."

जन्मात तिला असं कोणी विचारलं नव्हतं. डबा मांडीवर घट्ट धरून ती जमिनीकडे बघत राहिली.

"मला ती बाई बघायचीय," ती म्हणाली. "माझ्या बाकावरून. पाडा ती." आणि तोंड पुन्हा बंद होईल या धास्तीने लगेच म्हणाली, "सगळी पाडा."

"आत्ता कसं," सेइकिची म्हणाला. "याइचीने ऐकलं असतं तर म्हणाला असता, ही माझी बायकोच नव्हे."

लाकूडवाल्याची माणसं दोन दिवसांनी आली. वेळ घालवून चालणार नव्हतं, कारण दगडी देवापाशी जाऊन आलेले लोक बाईची कंबर बारीक होत चालली आहे म्हणून सांगत होते. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी सेइकिचीने साके ओतली, हात जोडले आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. काही झालं तरी पोरासाठी लावलेली झाडं ती. तोमिए-सानने या वेळी झाडांचं कौतुक केलं नाही. तिने त्याच्यासाठी प्याला भरला आणि शेजारी उभी राहिली.

शेवटचं झाड पडलं तेव्हा दुपार कलली होती. धुरळा बसला, चिकाचा वास नाकात भरला, आणि समोर अख्खा तोगादाके उभा राहिला. बाई होती. टोपी होती, वाकलेली पाठ होती, कंबर दोरीसारखी बारीक झाली होती पण तुटली नव्हती, आणि हात घळीला पुरता टेकला होता. तोमिए-सान बाकावर बसली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. तिला कोणी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतली म्हातारी माणसं एकमेकांना धरून वर आली, बाकावर दाटीवाटीने बसली, आणि बसल्या बसल्या त्यांचा वाद सुरू झाला, की हात काल टेकला की परवाच.

पुढच्या रविवारी कानाए आली. आईचं कपाट तिकडच्या खोलीत मावेल का ते मोजायला टेप घेऊन आली होती. बाईची कंबर तोवर तुटली होती, तरी मोकळा डोंगर बघून कानाए जागीच थबकली.

"किती छान दिसतं गं इथून," ती म्हणाली. "बरं झालं, जायच्या आधी तुला बघायला तरी मिळालं."

पाहुण्याला चहा दिल्याशिवाय तोमिए-सान आजवर कुठलंच बोलणं बोलली नव्हती. त्या दिवशी तिने किटलीला हातही लावला नाही.

"कानाए, मला शहरात यायचं नाही."

"पण तूच तर बरं म्हणालीस."

"म्हणाले. तुझं मन मोडू नये म्हणून म्हणाले. मला इथेच राहायचंय."

"आणि छपरावरचं बर्फ?"

"ते मला अजून माहीत नाही. वस्तीत सगळ्यांना विचारीन. तोंड उघडून मदत मागेन. पण मी येणार नाही."

कानाए बाकावर बसली. टेप तिच्या हातातून आपोआप गुंडाळत डबीत गेली. ती डोंगराकडे बघू लागली, आणि तोमिए-सानला वाटलं, आता ही रडणार किंवा रागावणार.

"त्या खोलीला एकच खिडकी आहे," कानाए म्हणाली. "उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. हे मी तुला सांगितलं नव्हतं."

तोमिए-सानने तिला थोडं सरकायला लावलं आणि शेजारी बसली.

"आणखी काय काय नाही सांगितलंस?" तिने विचारलं.